वास नसलेलं पाणी

पाण्यातला धातू ज्योतीत जाळून मोजणाऱ्या यंत्राची वार्षिक तपासणी करायला आलेल्या मेकॅनिकने बर्नर खोलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि तो हसायलाच लागला.

"काय केमिस्टबाई, वर्षभर यंत्राला सुट्टी दिली होती की काय?"

"सुट्टी कसली? बाहेर सोडायच्या पाण्याची रोज सहा-सात सॅम्पलं जातात त्याच्यातून."

"मग नुसतं नळाचं पाणी जाळता वाटतं! बाकीच्या ठिकाणी या फटीत क्षारांची पुटं चढलेली असतात. खरवडता खरवडता माझी नखं झिजतात. आणि तुमचा बघा, नव्या नवरीसारखा."

तीही हसली. त्याच्या कागदावर सही केली, त्याला चहा पाजला आणि जिन्यापर्यंत सोडायला गेली. पण वर येताना ते वाक्य तिच्याबरोबर वर आलं. पूर्वी दर शनिवारी ती स्वतः पातळ पट्टीने ती फट साफ करत असे. नाही केली की ज्योत वेडीवाकडी व्हायची. शेवटची कधी केली होती? आठवेना. थंडीच्या आधी कधीतरी. म्हणजे सहा-सात महिने झाले.

ती काम करायची ते ठिकाण म्हणजे गावाबाहेरचं एक पाणी-शुद्धीकरण केंद्र. शेजारच्या वसाहतीत मुलामा देणाऱ्या साठेक लहान कारखान्यांची रांग होती. बिजागऱ्या, बोल्ट, कड्या, गंज लागू नये म्हणून सगळ्यांना कॅडमियमचा मुलामा. मुलाम्यानंतर माल धुवायचा आणि ते धुण्याचं पाणी नळातून केंद्रात यायचं. दिसायला निवळशंख. कुणी ग्लासात भरून पुढे केलं तर पिऊन टाकावं असं. पण त्यात विरघळलेलं कॅडमियम एकदा पोटात गेलं की मूत्रपिंडात ठाण मांडून बसतं, माणसाची हाडं ठिसूळ करतं. विरघळलेला धातू गाळून निघत नाही आणि निवळत ठेवला तरी तळाशी बसत नाही. त्याला बाहेर काढायचं तर फूस लावूनच काढावं लागतं.

ती फूस म्हणजे तेल. रॉकेलसारखं, पण पुष्कळ शुद्ध केलेलं, आणि त्यात मिसळलेलं एक औषध, ज्याला पाण्यापेक्षा धातू जास्त प्रिय. टाकीत पाणी आणि तेल घ्यायचं, मोठ्या पंख्याने घुसळायचं, पुढच्या लांबट टाकीत शांत उभं करायचं. तेल वर येतं, पाणी खाली राहतं, आणि कॅडमियम पाणी सोडून तेलाबरोबर गेलेलं असतं. मग ते तेल आम्लाने धुतलं की धातू आम्लात उतरतो आणि तेल पुन्हा कामाला तयार. अशा घुसळायच्या चार टाक्या अंगणापलीकडच्या शेडमध्ये एका रांगेत होत्या. पाणी एकीतून दुसरीत जात शेवटी स्वच्छ होऊन कालव्यात पडायचं.

या टाक्या चालवायचा तिचा सख्खा भाऊ. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा. अख्खी वसाहत त्याला दादाच म्हणायची, पण तिचा तो खराखुरा दादा. वडील गेले तेव्हा ती दुसरीत होती. दादाने शाळा सोडून पंपावर नोकरी धरली आणि हिला कॉलेजपर्यंत नेलं. परीक्षेच्या दिवसांत पहाटे तो मूलद्रव्यांचा तक्ता हातात घेऊन समोर बसायचा. स्वतःला त्यातलं ओ की ठो कळत नसे. "अठ्ठेचाळीस?" तो विचारायचा. "कॅडमियम!" ती ओरडायची. "बरोबर," तो तक्त्यात बघून म्हणायचा, जणू त्यानेच ते शोधून काढलं होतं.

केंद्रात तेलाच्या टाक्या आल्या तेव्हा दोघांनी मिळून त्या चालत्या केल्या होत्या. ती वर लॅबमध्ये काचेच्या नरसाळ्यात तेल-पाणी हलवून किती आम्ल, किती तेल ते ठरवायची. तो खाली तेच टाकीत उतरवायचा. पुस्तकात नसलेल्या गोष्टी त्याच्या हाताला कळायच्या. काचेच्या पट्टीतून दोन थरांमधली रेघ बघून तो सांगायचा, "ठमे, आज पाणी आंबट कमी आहे." ती मोजायची आणि तसंच निघायचं. घरात आणि कामावर मिळून तिला ठमी म्हणणारा तो एकटाच उरला होता.

तर त्या दिवशी मेकॅनिक गेल्यावर तिने बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या सकाळच्या बाटल्यांतली एक उघडली आणि नाकाशी धरली.

काहीच वास नव्हता.

तेलातून निघालेलं पाणी कितीही निवळलं तरी त्याला तेलाचा एक पुसट वास राहतोच. सुरुवातीच्या दिवसांत तर हा वास तिच्या केसांतून जात नसे, आणि तिची मुलगी चिऊ "आई, तू दिव्यासारखी वास मारतेस" म्हणून हसायची. ती तशीच धावत खाली गेली. दादा शेडच्या दारातच भेटला.

"दादा, काहीतरी घोळ आहे. बाटलीला वासच नाही."

"कसला वास?"

"तेलाचा रे! टाकीतून आलेल्या पाण्याला असतो तो. मला वाटतं कुणीतरी आपल्याला फसवतंय. बाटल्या बदलतंय कुणीतरी. तुझ्या माणसांवर लक्ष ठेव."

दादाने हात फडक्याला पुसले. सावकाश, एक एक बोट. "कुणाला सांगितलंस?"

"कुणाला सांगणार? आधी तुझ्याकडेच आले."

"बरं केलंस," तो म्हणाला. "मी बघतो. तू वर जा, इथे फरशी निसरडी आहे."

फरशी निसरडी असल्याचं तो गेले कित्येक महिने सांगत होता. पूर्वी ती रोज शेडमध्ये फेरी मारायची. मग थंडीच्या सुरुवातीला एकदा तिचा पाय घसरला, कोपर सुजलं, आणि तेव्हापासून दादाने तिला आत येऊ दिलं नव्हतं. "सॅम्पलं मी वर आणून देत जाईन, तू कशाला तडमडतेस?" दहाच्या ठोक्याला तो बाटल्यांचा ट्रे घेऊन जिना चढायचा. भावाची माया, दुसरं काय, असं तिला वाटायचं. खिडकीतून चारही पंख्यांची घरघर दिवसभर ऐकू यायची, म्हणजे टाक्या चालूच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाटल्या आल्या. तिने झाकण उघडलं आणि नाकात वास शिरला. तिला इतकं हायसं वाटलं की ती खुर्चीतच बसली. दादाने एका दिवसात चोर पकडला होता!

मग तिने पुन्हा वास घेतला. जरा जास्तच होता. आणि तो त्यांच्या तेलाचा नव्हता. त्यांचं तेल शुद्ध केलेलं, त्याचा वास ओल्या लाकडासारखा हलका. हा स्टोव्हचा वास होता. बाटली उजेडात तिरकी केली तर पाण्यावर इंद्रधनुष्यी रंगाचा एक पातळ तवंग सरकला. कुणीतरी पाण्यात रॉकेलचा थेंब टाकला होता.

तरी तिने स्वतःला समजावलं. वास काय, चुकूनही लागू शकतो. मग तिला मेकॅनिकची क्षारांची पुटं आठवली. तिने कपाटातून क्षार मोजायचं पेनासारखं यंत्र काढलं. हे मोजायला तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. रिपोर्टात फक्त धातूंचे रकाने होते. मुलाम्याच्या पाण्यात क्षार भरपूर असतात आणि तेल त्यांना हातही लावत नाही. धातू गेला तरी ते तसेच राहतात. तिने यंत्र बाटलीत बुडवलं. आकडा आला दोनशे दहा. मग तिने लॅबच्या बेसिनचा नळ सोडला, चंचुपात्रात पाणी घेतलं, त्यात बुडवलं.

दोनशे दहा.

वासाचं तिने फक्त दादाला सांगितलं होतं. क्षारांचं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आज बाटलीत मीठही पडलं असतं.

नळ चालूच राहिला होता. मग तिने खालचं कपाट उघडलं. प्रत्येक सॅम्पलचा अर्धा भाग तीन महिने जपून ठेवायचा नियम होता, त्या बाटल्या तिथे तारखांप्रमाणे लावलेल्या होत्या. एकेक काढून ती यंत्र बुडवत गेली. दोनशे आठ. दोनशे बारा. दोनशे दहा. प्रत्येक बाटलीवर दादाच्या गोल, शाळकरी अक्षरात लेबल. प्रत्येक रिपोर्टाखाली तिची सही.

जेवणाच्या सुट्टीत दादा डबा घेऊन फाटकाजवळच्या झाडाखाली गेला, तेव्हा ती मागच्या दाराने शेडमध्ये शिरली.

फरशी कोरडी ठणठणीत होती.

चारही पंखे फिरत होते. टाक्यांमध्ये पाणी होतं, पण तेल नावालाही नव्हतं. काठावर त्याची वाळलेली तपकिरी वलयं तेवढी उरली होती. पुढच्या लांबट, निवळायच्या टाकीत मात्र वीतभर जाड, करडी, लिबलिबीत साय साचली होती. तेल आणि पाणी नीट वेगळं झालं नाही की मधोमध असा राडा जमतो. पहिल्या टाकीच्या आधीच कारखान्यांकडून येणाऱ्या नळाला एक लवचिक जाड पाइप जोडला होता, आणि तो भिंतीकडेने, टाक्यांना वळसा घालून, थेट कालव्याच्या तोंडाशी गेला होता. पाइपवर धूळ बसली होती. पंखे नुसते आवाजासाठी फिरत होते.

तिने कालव्याच्या तोंडाशी वाकून स्वतःच्या हाताने बाटली भरली. वर येऊन यंत्र पेटवलं. ज्योत पिवळी झाली, फुरफुरली, क्षार तडतडले. आकडा मर्यादेच्या एकोणीस पट निघाला. तिने तीनदा मोजला. तिन्ही वेळा तोच.

त्या संध्याकाळी ती चिऊला शेजारणीकडे ठेवून दादाच्या घरी गेली. वाटेत तिचं डोकं कालव्याच्या काठाने धावत होतं. कालव्याच्या दोन्ही अंगांना भाज्यांचे वाफे होते. पालक, मेथी, मुळा. तिच्या घरी तिथलीच भाजी यायची. दोन कोसांवर राहणाऱ्या दादाच्या घरीही तिथलीच येत असणार. दादाला कळत तरी असेल का? तो टाक्या चालवणारा माणूस. धातू पानात चढतो, आणि पालेभाजीत सगळ्यात जास्त चढतो, हे त्याला कुठून माहीत असणार? रागाने तिचे कान तापले होते, तरी आधी तिला त्यांचीच काळजी लागली होती.

वहिनी स्वयंपाकघरात ओट्याशी भाजी निवडत होती. ही दारातूनच ओरडली, "वहिनी, ती भाजी कुठली? कालव्यावरची असेल तर आधी टाकून द्या!"

वहिनी दचकली, मग हसली. "अगं बाई, केवढ्याने! ही बाजारातली आहे. कालव्यावरची आम्ही कधीच बंद केली."

"बंद केली? कधी?"

"झाले की सहा-सात महिने. यांनीच सांगितलं. म्हणाले, त्या पाल्यात किडे फार निघतात, घरात आणायची नाही म्हणजे नाही. मी एकदा विसरून आणली तर जुडी उचलून बाहेर फेकली, इतके चिडले." ती निवडता निवडता थांबली. "का गं? तुला नाही बोलले?"

"नाही," ती म्हणाली.

चिऊ जरा फिकट दिसते म्हणून डॉक्टरांनी पालेभाजी द्यायला सांगितली होती, तेव्हा दादा शेजारीच बसला होता. त्यानंतर आठवड्यातून तीनदा तिने पोरीला पालक खाऊ घातला, नको नको म्हणत असताना, गोष्टी सांगून, पाठीवर हात फिरवून. दादा दोनदा तिच्याकडे जेवायला आला होता. दोन्ही वेळा त्याच्या ताटात भाजी तशीच राहिली होती. "पोट भरलं गं," तो म्हणाला होता. आणि समोर बसून चिऊ खात असताना बघत राहिला होता.

दादा आला तेव्हा ती बाहेरच्या खोलीत बसून होती. त्याने चपला काढल्या, तिच्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. त्याच्या चेहऱ्यावरून तिलाही कळलं की त्याला कळलंय.

"शेडमध्ये गेली होतीस," तो म्हणाला.

"हो. फरशी कोरडी होती."

तो समोर बसला. "ऐकून घे आधी. कारखानदारांनी नवा साबण आणला माल धुवायला. त्या साबणाने सगळा घोटाळा झाला. तेल-पाणी वेगळंच होईना. सगळं तेल पाण्याबरोबर वाहून गेलं. साहेबांना सांगितलं, तेल मागवा. ते म्हणाले, येईल पंधरा दिवसांत, तोवर पाणी वळवून टाक. केंद्र बंद केलं तर साठ कारखाने बंद पडतात ठमे. पंधरा दिवसांचं म्हणून केलं. पंधराचा महिना झाला, महिन्याचे दोन..."

"आणि बाटल्या?"

तो वाकून चपला सरळ करू लागला.

"बाटल्या कुणी भरायच्या दादा? साहेबांनी सांगितलं होतं?"

"त्यांनी सांगितलं रिपोर्ट स्वच्छ यायला हवेत. मी म्हटलं, केमिस्ट माझी बहीण आहे, ती कधी खोटं लिहिणार नाही. तर ते म्हणाले, खोटं लिहू नको म्हणावं. खरं तेच लिहू दे. तू फक्त पाणी बदल." त्याने मान खाली घातली. "तुझ्या सहीवर कुणाला शंका येत नाही. हे सगळ्यांना माहीत आहे."

"म्हणजे मी खरी आहे म्हणूनच मला वापरलंस."

"तुला कळलं असतं तर तूही अडकली असतीस. तुला माहीत नव्हतं म्हणजे तुझा दोष नाही. तुझ्यासाठीच ना..."

"माझ्यासाठी?" तिचा आवाज चढला. आतून वहिनी दारापर्यंत आली आणि तिथेच थांबली. "घरात जुडी आली तर बाहेर फेकलीस. माझ्या घरची का नाही फेकलीस? चिऊ तुझ्यासमोर जेवत होती!"

दादाने दारातल्या बायकोकडे बघितलं.

"तुला भाजी बंद कर म्हटलं असतं," तो म्हणाला, "तर तू विचारलं असतंस का म्हणून. तुला थाप मारता येत नाही. तू केमिस्ट आहेस."

तिने त्याच्याकडे बघितलं. त्याला रडू फुटलं असतं, त्याने पाय धरले असते, तर कदाचित ती तिथेच विरघळली असती. पण तो अगदी साधं कारण सांगावं तसं सांगत होता. सात महिने त्याने रोज हा हिशेब केला होता आणि रोज चिऊ त्यात कमी पडली होती.

"केसाने गळा कापलास दादा," ती म्हणाली आणि उठली.

"आता काय करणार आहेस?"

तिने चपला पायात सरकवल्या. वहिनी दारात उभी होती, डोळ्यांत पाणी. "मला खरंच किडेच सांगितले होते गं," ती पुटपुटली. ते खरं असणार हे तिला कळत होतं. पण तिच्याने थांबवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने जलनियंत्रण कार्यालयात पत्र दिलं. काहीही हातचं राखून ठेवलं नाही. सात महिन्यांचे रिपोर्ट खोटे आहेत, त्यांवर माझी सही आहे, सॅम्पल मी स्वतः घेतलेली नाहीत, असं पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. सोबत आदल्या दिवशीची बाटली. दुपारी गाडी आली आणि शेडला सील लागलं.

चौकशी तीन आठवड्यांनी झाली. चौकशी अधिकारी म्हणून एक प्रौढ बाई होत्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. साहेबांनी आधीच हात वर केले होते. टाक्यांचा रोजचा कारभार आपल्याला काय ठाऊक, असं त्यांनी लेखी दिलं होतं. दादा तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. अधिकारीबाईंनी शेडमधलं रजिस्टर तिच्यासमोर सरकवलं.

"सॅम्पल कोणी घेतलं, या रकान्यात रोज तुमची आद्याक्षरं आहेत."

तिने पानं उलटली. खरंच होती. पहिल्या दिवसापासून, एकही दिवस न चुकता. तिच्या नावाची दोन अक्षरं, दादाच्या गोल वळणात.

"हे अक्षर माझं नाही," ती म्हणाली.

अधिकारीबाई दादाकडे वळल्या. "तुमचं काय म्हणणं?"

इतकं सगळं होऊनही तिला वाटत होतं, आता बोलेल. इथे, या टेबलावर तरी खरं बोलेल.

दादा टेबलाकडे बघत होता. "सॅम्पल बाईच घ्यायच्या," तो म्हणाला. "त्या सांगायच्या तसं मी रजिस्टर भरायचो फक्त."

त्याने तिला बाई म्हटलं होतं. जन्मात पहिल्यांदा.

मग ती रडली नाही, ओरडलीही नाही. तिने रजिस्टर पुन्हा पुढे ओढलं आणि पानं उलटत गेली, आणि अचानक तिचं बोट थांबलं. "या नऊ तारखा बघा," ती म्हणाली. "या दिवसांत मी रजेवर होते. हजेरीपट मागवा. माझी मुलगी तापाने फणफणली होती, मी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. तरी इथे रोज माझी आद्याक्षरं आहेत."

हजेरीपट आला. नऊ दिवस रजा, नऊ दिवस आद्याक्षरं. त्या नऊ दिवसांत रोज संध्याकाळी चिऊसाठी फळं घेऊन कोण यायचं, हे अधिकारीबाईंनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

केंद्राचे प्रमुख म्हणून साहेबांची आणि सोबत दादाची नोकरी गेली. तिची राहिली, पण सॅम्पल स्वतः न घेता सही केल्याबद्दल तिचा सहीचा अधिकार वर्षभरासाठी काढून घेतला. निर्णय ऐकून ती म्हणाली, "बरोबर आहे." नवऱ्याने घरी आल्यावर विचारलं, "बरोबर कसं? तुझा काय दोष?" ती म्हणाली, "मी पूर्वी रोज खाली जायचे. मग नाही गेले. कुणीतरी सांगितलं म्हणून नाही गेले."

केंद्र दहा आठवडे बंद राहिलं आणि कारखानेही. रस्त्यात भेटणारे लोक तिला बघून वाट बदलायचे. एका मुलामा कामगाराने तोंडावर म्हटलं, "स्वतःच्या भावाचं घर बुडवलंत, आमचीही बुडवलीत." तिने ऐकून घेतलं. कालव्याकाठचे वाफे उखडायला लावले. तिथली भाजीवाली मावशी, जिच्याकडून तिने वर्षानुवर्षं जुड्या घेतल्या होत्या, ती एक दिवस दारात आली. भांडायला आली असेल असं हिला वाटलं. पण ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, माझी नातवंडंही तीच खायची गं. आता काय करू ते सांग." तिने मावशीला, तिच्या नातवंडांना आणि चिऊला एकाच दिवशी तपासणीला नेलं.

चिऊच्या लघवीत कॅडमियम थोडं वाढलेलं निघालं. मावशीच्या धाकट्या नातवात जरा जास्त. डॉक्टर म्हणाले, आज काही होणार नाही, पण शरीरात गेलेलं हे वर्षानुवर्षं निघत नाही. दरवर्षी तपासत राहा. पाण्यातून ते कसं काढायचं हे तिला माहीत होतं. पोरीच्या मूत्रपिंडातून काढणारं तेल जगात नव्हतं. रस्ताभर चिऊ तिचं बोट धरून उड्या मारत चालली होती, आणि मामा हल्ली येत का नाही, असं विचारत होती.

कारखान्यांनी तो साबण सोडला. नवं तेल आलं, टाक्या घासून धुतल्या गेल्या, नवे साहेब आले, नवा ऑपरेटर आला, आणि रिपोर्टवर सही करायला एक नवी केमिस्ट. पण टाक्या काही धड चालेनात. तीन दिवस झाले तरी थर सुटेनात. खालचं पाणी दुधासारखं पांढरं बाहेर पडायचं आणि पुन्हा आत वळवावं लागायचं. नवे साहेब तिला म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर जुन्या ऑपरेटरला एक दिवस बोलावू. हे त्याच्याइतकं कुणाला येत नाही म्हणतात."

"बोलवा," ती म्हणाली. "पाणी स्वच्छ व्हायला हवं."

दादा सकाळी सायकलवरून आला. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं नीट लावलेली. त्याने टाकीत डोकावून बघितलं, बोटं बुडवून चोळली आणि नव्या ऑपरेटरला म्हणाला, "तुम्ही आधी पाणी भरता आणि मग तेल सोडता ना? उलटं करा. आधी तेल फिरू द्या. पंखा हळू. मग त्यात पाणी सोडा, धार बारीक ठेवून. पाण्याचे थेंब तेलात राहिले पाहिजेत, तेलाचे पाण्यात नाही."

चार तास त्यांनी काम केलं. ती आंबटपणा मोजून आकडा सांगायची, तो व्हॉल्व्ह फिरवायचा. "अडीच." "झालं." "आता दोन-आठ." "थांबा, रेघ हलतेय." बारा वर्षांपूर्वी याच शेडमध्ये याच दोघांनी हेच केलं होतं, आणि तेव्हा रेघ पहिल्यांदा स्थिर झाली तेव्हा दोघं लहान पोरांसारखी नाचली होती. या वेळी काचेच्या पट्टीत वर पिवळसर तेल आणि खाली नितळ पाणी स्वच्छ वेगळं झालं, तेव्हा नवा ऑपरेटर एकटाच "वा!" म्हणाला.

दादाने हात पुसले. सॅम्पलची रिकामी बाटली सवयीने त्याच्या हातात आली होती. तो शेवटच्या टाकीकडे वळला.

"ती बाटली माझ्याकडे द्या," ती म्हणाली. "सॅम्पल मी घेते. तुम्ही गेलात तरी चालेल."

तो वळला. नवा ऑपरेटर तिथेच होता, पण ते तुम्ही त्याच्यासाठी नव्हतं. दादाने तिच्याकडे एकदा बघितलं, आणि बाटली तिच्या हातात दिली.

"चिऊ कशी आहे?" त्याने हळूच विचारलं.

"शाळेत गेलीये."

तो आणखी क्षणभर घुटमळला. मग झाडाला टेकवलेली सायकल घेऊन फाटकाबाहेर पडला. ती कालव्याच्या तोंडाशी गेली, वाकली, बाटली दोनदा विसळून तिसऱ्यांदा भरली आणि झाकण लावायच्या आधी वास घेतला. मग लेबलावर तारीख, वेळ आणि स्वतःचं नाव स्वतःच्या अक्षरात लिहिलं आणि जिना चढून वर गेली.

पाणी मर्यादेत होतं. रिपोर्टवर नव्या केमिस्टची सही झाली.